गेममधली गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट : पोरांच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागेल

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा.

आपल्या भागात पालकसभा असो, लग्नाचा मांडव असो की पारावरची बैठक, एक वाक्य ठरलेलं असतं : "मोबाइलनं पोरं बिघडवली, पुस्तकाला हात लावत नाहीत." सगळे माना डोलावतात. आणि ज्याने हे वाक्य म्हटलं तोच दोन मिनिटांनी स्वतःचा मोबाइल काढून रील बघत बसतो. पण हल्ली पोरंही उत्तर द्यायला लागली आहेत. अकरावीतल्या एका पोराने मध्यंतरी मोठ्यांना सरळच विचारलं, "काका, गेममध्ये पण स्टोरी असते. मग पुस्तक वाचलं तर हुशार आणि गेम खेळली तर वाया गेलेला, असं का?"

त्याला तिथल्या तिथे गप्प बसवलं गेलं. मला मात्र हा प्रश्न खरा वाटतो आणि त्याला नीट उत्तर मिळायला पाहिजे असंही वाटतं. गेममधली गोष्ट मोठ्या साहित्याच्या तोडीची असू शकते का? माझं मत आधीच सांगून टाकतो. असू शकते, पण क्वचित. आणि तशी गेम आपल्या मातीतून यायची असेल तर ती लिहिणारी पोरं आधी वाचणारी आणि ऐकणारी असावी लागतील. हे मत का बनलं ते पुढे लिहितो.

आधी घोळ निस्तरू. ‘गेम’ या एका शब्दात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

पहिली म्हणजे सामना. फ्री फायर, बीजीएमआय. विमानातून उडी मारायची, हत्यार शोधायचं, शेवटपर्यंत टिकायचं. हा कबड्डीसारखा, क्रिकेटसारखा प्रकार आहे. कबड्डीला आपण कधी विचारत नाही की बाई, तुझ्यात ज्ञानेश्वरीएवढं काही आहे का? सामन्यात ईर्षा असते, दोस्ती असते, मजा असते, आणि अति झालं की अभ्यासाचा चुराडा होतो. तो विषय शिस्तीचा आहे, साहित्याचा नाही. आपली बहुतेक पोरं हेच खेळतात, तेव्हा "गेममध्ये स्टोरी असते" हे त्यांचं म्हणणं त्यांच्याच गेमला फारसं लागू पडत नाही, हे त्यांनीही मान्य करावं.

दुसरा प्रकार पैशाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली गेली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाच्या गेमना प्रोत्साहन द्यायचं म्हटलं आहे. म्हणजे सरकारनेही जुगार वेगळा आणि खेळ वेगळा काढला. आपण अजून सगळ्याला एकाच काठीने हाणतो.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने गोष्टीचा. आपल्याकडे हा सर्वांत कमी खेळला जातो, कारण बहुतेकदा त्याला लॅपटॉप लागतो, पैसे लागतात आणि इंग्रजी वाचता यावं लागतं. पोराच्या प्रश्नाचा खरा संबंध याच प्रकाराशी आहे.

यातलं एक उदाहरण सांगतो. २०२० साली पोलंडच्या सरकारने एक गेम शाळांच्या शिफारस केलेल्या वाचन-यादीत घेत असल्याचं जाहीर केलं. होय, वाचनाच्या यादीत गेम. तिचं नाव ‘धिस वॉर ऑफ माइन’. वॉर्सामधल्या एका कंपनीने ती २०१४ साली काढली. अठरा वर्षांवरच्यांसाठीची गेम आहे, म्हणून फक्त वरच्या वर्गातल्या मुलांसाठी.

तिच्यात युद्ध आहे, पण तुम्ही सैनिक नाही. वेढा पडलेल्या शहरात, पडक्या घरात अडकलेली साधी माणसं तुमच्या हाती दिलेली असतात. कुणी स्वयंपाकी, कुणी शिक्षक. दिवसा बाहेर गोळ्या चालतात, म्हणून घरात थांबायचं, चूल पेटवायची, आजाऱ्याला झोपवायचं. रात्री एकाने बाहेर पडून खायला, औषधाला काही मिळतं का बघायचं. या गेममागे साराजेव्हो शहराच्या वेढ्याची आठवण आहे. तो वेढा १९९२ ते १९९६ असा जवळपास चार वर्षं चालला होता.

त्यात एक जागा आहे. एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांच्याकडे अन्न आहे, औषध आहे. ती दोघं तुमच्यावर हात उगारत नाहीत. म्हातारा फक्त विनवतो. इकडे तुमच्या घरात माणूस तापाने फणफणलेला आहे. घेणार की रिकाम्या हाताने परत जाणार? घेतलंत तर तुमचा माणूस वाचेल. पण दुसऱ्या दिवशी ज्याने चोरी केली तो कोपऱ्यात बसून राहतो, बोलत नाही, काम करत नाही. बाकीचेही खचतात. गेम तुम्हाला शिक्षा म्हणून गुण कापत नाही. ती नुसती तुमच्या घरात शांतता पसरवते.

मी ही गेम पुतण्याच्या लॅपटॉपवर खेळलो आहे. पुस्तकात चोरी करणारा दुसरा कुणीतरी असतो. आपण त्याला दोष देतो किंवा त्याची कीव करतो. इथे बटण दाबणारं बोट माझं होतं. एवढा फरक आहे, आणि तो छोटा नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं वाटेल. ‘पेपर्स, प्लीज’ नावाची २०१३ सालची गेम, लुकास पोप नावाच्या एकट्या माणसाने बनवलेली. चित्रं अगदी साधी. तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरच्या चौकीत कारकून आहात. रांगेतला माणूस कागद पुढे करतो. तारीख तपासायची, फोटो जुळवायचा, शिक्का मारायचा : मंजूर किंवा नामंजूर. जितकी माणसं काढाल तितका पगार. चुका झाल्या तर दंड. संध्याकाळी त्या पगारात घरभाडं, जेवण, शेगडी आणि पोराचं औषध भागवायचं.

मग एक माणूस येतो, कागद बरोबर. जाता जाता म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिला जरा सांभाळून घ्या. बायको येते. तिचा एक कागद कमी आहे.

मंडळी, आपल्या जिल्ह्याला याहून ओळखीची गोष्ट कोणती? जातीचा दाखला, पडताळणी, रेशन कार्ड, वनहक्काचा दावा. सातपुड्यातल्या किती घरांनी फायलीसाठी किती खेटे घातले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. खिडकीच्या या बाजूला उभं राहणं आपल्याला तोंडपाठ आहे. ही गेम माणसाला खिडकीच्या त्या बाजूला बसवते. आणि भीती अशी वाटते की थोड्या वेळाने माणूस चेहरे बघणं सोडून देतो. नुसत्या तारखा बघतो. "पुढचा." चांगला माणूस निबर कारकून कसा होतो यावर मी पुष्कळ कथा वाचल्या आहेत, पण तसं होताना आतून कसं वाटतं ते मला या गेमने दाखवलं.

म्हणून, गेममध्ये साहित्य असूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अमेरिकेतले फार मोठे सिनेसमीक्षक रॉजर इबर्ट यांनी २०१० मध्ये व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाही असं लिहिलं होतं, आणि त्यावर जगभर भांडण झालं होतं. सिनेमालाही एकेकाळी लोक तमाशाच म्हणत होते. आपल्याकडे कादंबरीलाही पोरीबाळींना बिघडवणारी म्हणून नावं ठेवलीच होती.

पण आता दुसरी बाजू. पोरांनो, ही तुमच्यासाठी.

गेमची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे तुम्ही निवड करता. तिची सगळ्यात मोठी अडचणही तीच आहे. कारण आयुष्यातलं जे सर्वांत मोठं दुःख असतं तिथे निवड नसतेच.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ घ्या. १९६३ सालची कादंबरी, लिहिणारा आपल्या खानदेशचा, आणि गोष्टही सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्याच एका पोराची, पांडुरंग सांगवीकरची. त्यात त्याच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू येतो. तो भाग वाचताना पांडुरंग काहीच करू शकत नाही आणि वाचणाराही काही करू शकत नाही. मागचं पान उलटून तिला वाचवता येत नाही. लेव्हल परत सुरू करून गाडी लवकर पकडता येत नाही. पांडुरंगचा संताप, त्याचं बरळणं, त्याचं गप्प होणं हे सगळं आपल्याला नुसतं सोसावं लागतं. हे सोसणं हीच त्या पुस्तकाची कमाई आहे. बहुतेक गेम इथे कच्च्या पडतात, कारण मेलेला जीव तीन सेकंदांत परत उठतो. ‘धिस वॉर ऑफ माइन’ मोठी वाटते त्याचं एक कारण हेच, की त्या डावात गेलेला माणूस गेलाच.

दुसरी गोष्ट, गेमला शेवट लागतो. मिशन पूर्ण, बक्षीस, पुढचं दार उघडलं. मोठं साहित्य कितीतरी वेळा दार उघडंही ठेवत नाही आणि बंदही करत नाही. महाभारत बघा. आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाच्या मध्यभागी एक गेमच आहे, तीही पैसे लावून खेळलेली. युधिष्ठिर द्यूतात राज्य हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. द्रौपदी भरसभेत विचारते की जो स्वतःलाच हरला त्याला मला लावायचा हक्क होता का? भीष्मासारख्या माणसाला त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. इरावती कर्वे यांनी तर ‘युगान्त’मध्ये असं मांडलं की तो प्रश्न विचारणं हीच द्रौपदीची मोठी चूक होती. त्यावर वाचक आजही भांडतात. हजारो वर्षं झाली, मिशन पूर्ण झालेलं नाही.

म्हणून माझं माप साधं आहे. गोष्ट पुस्तकातली असो, सिनेमातली असो की गेममधली, ती संपल्यावर समोरचा माणूस मला आधीपेक्षा वेगळा दिसतो का? कारकून, म्हातारी, बायकोचा हात धरून रांगेत उभा असलेला माणूस? दिसत असेल तर ते साहित्य. नुसता स्कोअर आठवत असेल तर तो खेळ. खेळही वाईट नाही, पण त्याला साहित्याच्या पाटावर बसवू नका.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पोलंड-अमेरिकेचं झालं, आपल्याकडे खेळ आणि गोष्ट कधी एकत्र होते? होते की. आपण जी सापशिडी खेळतो तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रात परंपरेने तो संत ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगतात. पटावरच्या घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं. दयेच्या, भक्तीच्या घरातून शिडी वर जाते, क्रोधाच्या, लोभाच्या घरात साप डसतो आणि माणूस खाली. शेवटचं घर मोक्षाचं. म्हणजे कवड्या टाकता टाकता माणूस आपल्या जगण्याची गोष्टच खेळत होता. हा खेळ इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आपल्या देशात नेला. तिथेही आधी चांगल्या-वाईट वागण्याची चित्रं होती, पुढे हळूहळू ती गळाली. साप उरले, शिड्या उरल्या, गोष्ट गेली. आज आपणही तीच रिकामी सापशिडी बाजारातून विकत आणतो.

आपल्याच राज्यात आजच्या काळातही एक प्रयत्न झाला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ही गेम काढली. आधी २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी गेम पूर्ण केली. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्याच गेमसाठीच्या गटात तिला नामांकन मिळालं. गोष्ट एका सर्कशीतल्या पोरीची. नाव राजी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधत निघते. तिला दुर्गेचं त्रिशूळ मिळतं. दुर्गा आणि विष्णू वरून बघत आपसांत बोलतात आणि गोष्ट पुढे नेतात. किल्ले, हवेल्या, पाण्यातली कमळं, भिंतीवरची चित्रं, सगळं बघत राहावंसं.

मला ही गेम आवडली आणि अपुरीही वाटली. सर्कशीतली गरीब पोर, भावाशिवाय तिला कुणी नाही, केवढी मोठी गोष्ट आहे ती! पण तिचं पोट, तिची भीती, रात्री तिला झोप लागते का, हे फार कमी कळतं. तिच्याबद्दल देवच जास्त बोलतात. शेवटही असा येतो की अरे, संपली? चित्रकार जोरात होते, हत्यारं जोरात होती. गोष्ट लिहिणाऱ्याला आणखी जागा मिळायला हवी होती. पुण्याच्या पोरांनी स्वतःच्या जोरावर इथवर आणलं हे फार मोठं आहे, म्हणूनच पुढची पायरी सांगतोय.

ती पायरी लेखकाची आहे. ‘डिस्को एलिसियम’ नावाची २०१९ सालची गेम आहे. साधारण दहा लाख शब्दांची संहिता. मारामारी जवळपास नाहीच, सगळं बोलणं आणि विचार. ज्यांना गेममध्ये साहित्य दिसत नाही त्यांनाही ती गप्प करते. तिचा मुख्य लेखक रॉबर्ट कुर्वित्झ हा एस्टोनियाचा. त्याने आधी, २०१३ साली, कादंबरी लिहिली होती. ती काही खपली नाही. त्याच जगावर त्याने मग ही गेम उभी केली. एस्टोनिया म्हणजे केवढा देश? लोकसंख्या तेरा-चौदा लाख, आपल्या नंदुरबार जिल्ह्याहूनही कमी. तिथला एक पडलेला कादंबरीकार जगाला गोष्ट सांगून गेला. तो आधी वाचणारा होता, लिहिणारा होता, म्हणून ते जमलं.

आता आपल्या घरचा मुद्दा.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स या धंद्यांसाठी धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंतचा, सुमारे ३,२६८ कोटींचा आराखडा आहे. चांगली गोष्ट. पण पैसा आला की त्याच्यामागे बहुतेक मुंबई-पुण्याचेच लोक पोचतात. उद्या कुणीतरी ‘आदिवासी’ गेम काढेल. डोक्याला पिसं, हातात धनुष्य, मागे ढोल, आणि मारायला एखादा वाघ. आपली पोरं ती पैसे भरून खेळतील आणि त्यात आपल्या गावाचं काही सापडणार नाही.

शहादा तालुक्यातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. व्यासपीठावर कोण बसतं, खाली कोण बसतं आणि कुणाचं दुःख कोण सांगतं, हा तिचा सवाल. तो सवाल आता मोबाइलच्या स्क्रीनवर आला आहे, एवढाच बदल.

आणि आपल्याकडे सांगायला काय कमी आहे का? महाशिवरात्रीला सातपुड्यातून लोक सागबारा तालुक्यातल्या देवमोगऱ्याला जातात. याहामोगीची गोष्ट तिथे जाणाऱ्या प्रत्येक घराला थोडी वेगळी येते. शेजारच्या गुजरातेत साबरकांठ्यातल्या डुंगरी भिलांचं ‘भारथ’ भगवानदास पटेल यांनी गाणाऱ्यांकडून ऐकून लिहून काढलं. त्यात वासुकी नाग अर्जुनाला हरवून बांधून टाकतो. आपल्या पुस्तकातल्या महाभारतात असा अर्जुन सापडायचा नाही. सांगणारा बदलला की गोष्ट बदलते, ऐकणारे मध्येच हुंकार देतात, प्रश्न विचारतात, सांगणारा वाट बदलतो. गेमवाले ज्याला आज ‘खेळणाऱ्याच्या निवडीने बदलणारी गोष्ट’ म्हणतात ते आपल्या म्हाताऱ्या माणसांनी चुलीपाशी कायम केलं आहे.

मला विचाराल तर एक गोष्ट अशी आहे जी गेमच नीट सांगू शकेल. सरदार सरोवराच्या पाण्याने आपल्या जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि धडगावकडची ३३ गावं बाधित झाली. मणिबेली त्यातलं पहिलं. कल्पना करा, पाणी चढतंय. नावेत जागा थोडी. धान्याची कणगी घ्यायची, बैल घ्यायचे, की घराचे सागवानी खांब? म्हातारा म्हणतो मी येत नाही, इथेच माझे पूर्वज आहेत. त्याला ओढून न्यायचं की त्याचं ऐकायचं? आणि ज्या सपाटीवर जायचं तिथली भाषा वेगळी, तिथे चरायला रान नाही. यात जिंकणं नाही. पण ही गेम जो खेळेल त्याला ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द पुन्हा कधी नुसता सरकारी शब्द वाटणार नाही.

ती गेम पुण्यातला माणूस लिहू शकेल का? कदाचित लिहील. पण कणगी कुठे ठेवतात, म्हातारा कुठल्या शब्दांत नाही म्हणेल, हे त्याला आपल्यालाच विचारावं लागेल.

आणि ही हौसेची गोष्ट नाही हेही लक्षात घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकत पुरावा म्हणून धरली जाते. म्हणजे म्हाताऱ्याच्या आठवणीला कायद्यानेही किंमत दिली आहे. आपण मात्र ती ऐकून घ्यायला बसत नाही. एक म्हातारं माणूस गेलं की किती गोष्टी त्याच्यासोबत जातात.

तर करायचं काय? माझ्या चार सूचना. कुणाच्या परवानगीची किंवा निधीची वाट बघायला नको.

एक. पालकांनी गेम बंद करण्याची धमकी देण्याआधी विचारावं, कोणती खेळतोस? सामना, जुगार की गोष्ट? जुगार असेल तर ताबडतोब बंद. सामना असेल तर वेळ ठरवून. गोष्ट असेल तर वय बघा, आणि मग "मलाही सांग" म्हणा. पोराला ती गोष्ट नीट सांगता आली तर समजा की ती डोक्यात गेली आहे. नाही आली तर नुसती बोटं चालली होती.

दोन. ज्या मोबाइलवर फ्री फायर चालतं त्याच मोबाइलवर आवाज रेकॉर्ड होतो. आपल्या कळसाडीत आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांना जुन्या कथा, गाणी, सोंगाड्या पार्टीतले प्रसंग येतात त्यांच्याजवळ बसा आणि भरून घ्या. भिलीत, गुजरीत, अहिराणीत, जसं सांगतील तसं. मराठीत नंतर लिहिता येईल. आधी विचारून घ्या, नाव लिहा, तारीख लिहा. ज्याची गोष्ट त्याचं नाव राहिलं पाहिजे.

तीन. अकरावी-बारावी आणि कॉलेजच्या पोरापोरींसाठी : ‘ट्वाइन’ नावाचं एक फुकट साधन आहे. ब्राउझरमध्ये चालतं, कोडिंग जवळपास लागत नाही. त्यात निवडीची गोष्ट लिहिता येते, म्हणजे वाचणारा इथे हे निवडतो तर गोष्ट तिकडे जाते. आपल्या भाषेत लिहा. पहिल्याच झटक्यात थ्रीडी चित्रांच्या मागे लागू नका. आधी दोन माणसं, एक अडचण आणि एक खरी निवड लिहून बघा. त्यातच अर्धी पोरं अडकतील आणि मग त्यांना कळेल की लेखक का लागतो.

चार. आणि हो, वाचा. ‘कोसला’ वाचा, ‘गोधड’ वाचा, ‘युगान्त’ वाचा. गेम सोडा म्हणून सांगत नाही. गेमचा जो भाग तुम्हाला आवडतो, माणसाची कोंडी, वळण, शेवटाला घशात येणारा हुंदका, तो लिहिणाऱ्याने कुठून तरी शिकलेला असतो. तो ‘कुठून तरी’ म्हणजे बहुतेक वेळा पुस्तक किंवा आजीची गोष्ट.

कुणाच्या घरात, कुठल्या पाड्यावर अशी गोष्ट सांगणारी आजी, आजोबा, गाणारी मंडळी आहेत हे माहीत असेल तर मला सांगा. त्यांचं नाव-नंबर इथे उघड टाकू नका, मेसेज करा. दिवाळीच्या सुट्टीत चार-पाच पोरं सोबत घेऊन सुरुवात करायचा विचार आहे. ज्यांच्याकडे बरा आवाज भरणारा मोबाइल आहे त्यांनी हात वर करा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये भांडा, पण कुठली गेम आणि कुठलं पुस्तक ते नाव घेऊन भांडा.

— कळसाडी, जि. नंदुरबार